त्रिस्थळी किल्ली

मिरजेच्या कुलूपविद्या प्रयोगशाळेत मधोमध एक गाडी उभी असायची. तिला चाकं नव्हती. विटांच्या चार थप्प्यांवर ती कित्येक वर्षं बसून होती आणि तिला काम एकच होतं, सांगितलं की उघडायचं आणि सांगितलं की मिटायचं. सांगली-मिरजेत धावणाऱ्या प्रत्येक सहगाडीचं, म्हणजे मालकाला नको असेल तेव्हा इतरांनी वापरायच्या गाडीचं, कुलूप आधी या बिनचाकी गाडीवर पारखलं गेलं होतं. म्हणून दर दसऱ्याला डॉ. वैजयंती नाडगौडा तिला स्वतःच्या हातानं हळदकुंकू वाहायची, आणि झेंडूची माळ सुकून तिच्या काड्या झाल्या तरी कुणाला उतरवू द्यायची नाही.

त्या दिवशी त्या माळेशेजारी साळोख्यांनी एक कागद आणून ठेवला.

प्रभंजन साळोखे म्हणजे नगरवाहन खात्याचे नवे अधिकारी. कोल्हापूरहून बदली होऊन आलेले. आवाज मोठा, मन सरळ. कागद आदेशाचा होता. दुपारी चार वाजता एका सहगाडीच्या किल्लीची मोहोर उघडायची आणि ती किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचं नाव आणि पत्ता गाडीच्या मालकाला कळवायचा.

"तुमची सही तेवढी ऱ्हायलीय, मॅडम," ते म्हणाले.

वैजयंतीनं कागद वाचला, त्याची घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचला. सहगाडी योजना सुरू झाल्यापासून मोहोर एकदाही उघडलेली नव्हती. ती उघडावी लागणार नाही अशी तिची खात्री होती. कुलूप तिनं आणि तिच्या सहकाऱ्यानं, डॉ. हैदर मुजावरनं, मिळून रचलं होतं आणि त्यात तिला कुठेही फट दिसत नव्हती.

साळोख्यांना मात्र सगळा प्रकारच अजब वाटत होता. "मला एक कळू दे," त्यांनी विचारलं. "कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि किल्ली कुणाकडं हाय ते तुम्हालाच ठाऊक नाही?"

"ठाऊक होणार नाही असंच ते केलंय," वैजयंती म्हणाली. "चुकून नव्हे, मुद्दाम."

समजावून सांगायचं काम नेहमी हैदरकडे असे. त्यानं फळ्यावर पन्नास आकडा लिहिला. "साहेब, समजा हे तुमचं नाव. मला ते लपवायचंय. मी त्याचे तीन तुकडे करतो. पहिला मनाला येईल तो, समजा सतरा. दुसराही मनाला येईल तो, समजा नव्वद. तिसरा असा निवडायचा की तिघांची बेरीज पन्नास व्हावी."

"वजा सत्तावन्न," साळोखे चटकन म्हणाले.

"बरोबर. आता सतरा ठेवा सांगलीच्या गणनगृहात, नव्वद कोल्हापूरच्या आणि वजा सत्तावन्न सोलापूरच्या. एक गणनगृह फोडलं, दोन फोडली, तरी चोराच्या हाती काय? दोन वाटेल ते आकडे. त्यांवरून पन्नास निघत नाही. आणि खरी गंमत पुढंच आहे. हे तुकडे न जोडताच त्यांच्यावर गणित करता येतं. तिन्ही गणनगृहं आपापल्या तुकड्यावर काम करतात आणि त्यातून गाडीची किल्ली तयार होऊन वापरणाऱ्याच्या बोटातल्या अंगठीत उतरते. गाडी कुणाची हे वापरणाऱ्याला कळत नाही, कुणी नेली हे मालकाला कळत नाही, आणि मधल्या तिघांना दोन्ही कळत नाही."

"काशी, प्रयाग आणि गया, तिन्ही घडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, तसं," वैजयंती म्हणाली.

"म्हणून त्रिस्थळी किल्ली. नाव ताईंनी ठेवलं. मी 'विभाजित प्रवेशसंकेत प्रणाली' म्हणत होतो, पण ते कुणाला एका दमात म्हणता येईना. मलाही."

साळोखे हसले, पण कागदावरचं बोट त्यांनी उचललं नाही. किल्ली इथूनच रद्द करून टाका म्हणजे नावाचा प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"ज्याला इथून किल्ली रद्द करता येते त्याला चालती गाडीही थांबवता येते," वैजयंती म्हणाली. "गाडीत कुणी एकटं असेल, कुणी कुणापासून लांब निघालेलं असेल. तो अधिकार आम्ही कुणालाच ठेवला नाही. स्वतःलासुद्धा नाही. किल्ली संपते ती मुदत सरली की, नाहीतर ज्याच्या बोटात आहे त्याच्या शब्दानं. आणि ती जिवंत आहे तोवर मालकाची मूळकिल्लीही निजून राहते. नाहीतर मालक कुठंही दार उघडून उभा राहायचा."

हे नियम कागदावर उतरण्याआधी ती सांगलीतल्या एका आधारगृहात जाऊन आली होती. घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका तिथं राहत. त्यांतली एकजण भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली होती, की मी कुठं गेले हे कुणालाही कळणार नसेल तरच मला कुठं जाता येतं. आज त्या आधारगृहातल्या कितीतरी जणी सहगाडीनं कामावर जात होत्या. कोण जाते आणि कुठं, हे वैजयंतीलाही माहीत नव्हतं. त्यातच तिचं समाधान होतं.

मोहोर एकदा उघडली की ते समाधान संपणार होतं. आज एकाचं नाव दिलं, तर उद्या दुसरं मागायला लोक येणार, आणि आधारगृहातल्या बायका परवापासून पायी जाणार.

पण पाहुण्यांच्या खोलीत बसलेल्या माणसाची अडचणही खोटी दिसत नव्हती. सुधन्वा पोतनीस त्याचं नाव. वैजयंती आत गेली तसा तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची देऊन मगच बसला. बोलणं हळू, शब्द मोजके. त्याच्या गाडीला वडिलांच्या चाकांच्या खुर्चीसाठी मागून उतरण बसवलेली होती. वडिलांना डायलिसिसला न्यायचं असे. मधल्या दिवसांत गाडी रिकामी राहते म्हणून त्यानं ती सहगाडीत घातली. आता चार दिवस गाडी विश्रामबागच्या थांब्यावर डोळ्यांसमोर उभी होती आणि उघडत नव्हती. वापरणारा गाडी नेत नव्हता, सोडतही नव्हता. रोज एक दिवसानं किल्लीची मुदत वाढवत होता. कुलपाचं काळीज बदलायला आठवडा लागेल असं कारखान्यानं सांगितलं होतं. तीन दिवसांच्या वर किल्ली अडली आणि मालकाची निकड असली तर मोहोर उघडता येते, ही तरतूद कायद्यात होतीच.

रोज सकाळी आपण योजनेमार्फत नम्रपणे आठवण पाठवत होतो, असंही त्यानं सांगितलं. वैजयंतीनं उतरण असलेली रुग्णालयाची गाडी तासाभरात मागवून देते म्हटलं. तो कसनुसा हसला. वडील परक्या गाडीत बसत नाहीत, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. वैजयंतीला आपले सासरे आठवले. शेवटच्या आजारात ते दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी पीत नसत. तिला त्याची कणव आली. ती उठली तेव्हा तो म्हणाला, "आता सगळं तुमच्या हातात आहे, ताई."

परत येताच तिनं हैदरला अंधनिरोप पाठवायला सांगितलं.

अंधनिरोप म्हणजे ज्याला पाठवायचा तो कोण हे न कळता पाठवायचा निरोप. तोही तीन तुकड्यांत जाई, किल्लीच्या वाटेनंच अंगठीपर्यंत पोचे आणि तिथं जुळून वापरणाऱ्याच्या कानात बोले. वापरणारा तोंडानं उत्तर देई. माणूस आवाजावरून ओळखू येतो, म्हणून आवाज अंगठीतच राहायचा. अंगठीत एक अर्थगाळणी होती. ती बोललेल्यातून अर्थ तेवढा निवडून एका खुणेनं बाहेर धाडायची. सुरू, संप, वाढ, हो, नाही, अशा मोजक्या खुणा. प्रयोगशाळेच्या पडद्यावर दिसत ते एवढंच.

हैदरनं लिहिलं, गाडीच्या मालकाला गाडीची तातडीनं गरज आहे, कृपया किल्ली संपवावी. घोटभर चहा होतो न होतो तोच पडद्यावर खूण उमटली.

वाढ.

"बघा," साळोखे म्हणाले. "तोंडावर सांगतोय, नाही देत जा."

वैजयंतीनं निरोप पुन्हा लिहवून घेतला. या वेळी वडिलांचं आजारपण घातलं, हात जोडून विनंती घातली. खूण पुन्हा तीच आली, आणि किल्लीची मुदत आणखी एक दिवस पुढे सरकली. हैदर खुर्ची मागे ढकलून उठला. इतक्या वर्षांत तो कधी तिच्यासमोर आवाज चढवून बोलला नव्हता, आजही चढवला नाही, पण म्हणाला, "ताई, उघडू या. आजारी माणसाची गाडी अडवून बसणाऱ्यासाठी आपण हे सगळं रचलं होतं का?"

त्या वापरणाऱ्याचं वागणं तिला उमगत नव्हतं. गाडी नेत नाही, तिच्यात बसत नाही, पण विचारलं की लगेच, जराही न रेंगाळता, मुदत वाढवतो. चोर असं वागत नाही. लबाड माणूसही असं वागत नाही, तो निरोपाला उत्तरच देणार नाही. हे काहीतरी निराळं होतं, आणि चार वाजायला आले होते.

त्या दिवशी चतुर्थी होती. हैदरनं तिच्यासाठी आठवणीनं आणलेला राजगिऱ्याचा लाडू कागदासकट टेबलावर तसाच होता. तिनं पेन उचललं. मोहोर उघडताना प्रयोगशाळेत दुसरी कुठलीही किल्ली जिवंत असायची नाही, असा नियम होता, आणि बिनचाकी गाडीची किल्ली सकाळपासून तिच्याच अंगठीत होती. एरवी ती टेबलावरची कळ दाबून ती संपवायची. आज कळीवर साळोख्यांचा कप होता, एका हातात आदेश आणि दुसऱ्यात पेन. तिनं अंगठी तोंडाजवळ नेली.

"वाढव बाई किल्ली आता," ती म्हणाली.

"किल्ली वाढवली," गाडी मृदू आवाजात म्हणाली.

वैजयंतीनं समाधानानं मान हलवली आणि सहीसाठी कागद सरळ केला. हैदर पडद्याकडे बघत होता. "ताई, तुमची किल्ली अजून जिवंत आहे."

"अरे, आत्ताच तर वाढवली," ती म्हणाली, आणि स्वतःचा शब्द स्वतःच्या कानावर पडला तशी पेन धरलेला हात वरच राहिला.

साळोखे एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. वैजयंती हळूच खुर्चीवर टेकली.

लहानपणापासून तिच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. हातातली बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं. देवापुढं नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. ज्याला कुंकू लागलं त्याच्या बाबतीत मोड, तोड, संप असं ओठांवर आणायचं नाही, हे आईनं शिकवलं नव्हतं इतकं ते आपोआप आलं होतं. आणि त्याच वैजयंतीनं अर्थगाळणीसाठी शब्द निवडताना, याच टेबलाशी बसून, संपव, बंद कर, मोड, रद्द कर हे शब्द 'संप'च्या खुणेखाली घातले होते आणि वाढव, लांबव, पुढं ने हे 'वाढ'च्या. दोन वेळा तपासलेही होते. टेबलाशी बसलेलं माणूस कोशातली भाषा लिहितं. अंगठी तोंडाशी धरलेलं माणूस घरातली बोलतं.

"माझे अब्बाही रोज दिवेलागणीला दुकान वाढवायचे," हैदर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सतारीचं दुकान. मीच फळ्या लावायचो. तरी माझ्या डोक्यात नाही आलं."

"म्हणजे वापरणारा चार दिवस किल्ली संपवतोय," साळोखे सावकाश म्हणाले, "आणि तुमची अंगठी ती लांबवतीय?"

"आणि वर 'वाढवली' म्हणून सांगतेय. दोघांचंही समाधान."

"आमच्या घरी कुंकू कधी संपत नाही, वाढतं," साळोखे म्हणाले. "लग्न नवीन होतं तेव्हा बायको म्हणाली कुंकू वाढलंय. मी म्हटलं चांगलं झालं, आणि आणलंच नाही. चार दिवस अबोला."

वैजयंतीला हसू आलं, आणि हसता हसताच तिचं डोकं कामाला लागलं. एरवी हे कुणाच्या ध्यानात का आलं नसेल, तेही तिला आता दिसत होतं. चुकून वाढलेली किल्ली दुसऱ्या दिवशी मुदत सरून आपोआप संपायची. मालक एक दिवस उशिरा गाडी मिळाली म्हणून कुरकुर करायचा आणि विसरून जायचा.

अंगठ्यांमधली गाळणी तासाभरात बदलता येणार नव्हती. पण अंधनिरोपात प्रश्न घालता येत होता, आणि होकार-नकारात गाळणी चुकत नव्हती. हैदरनं लिहिलं, तुमचं गाडीचं काम झालं आहे का? हो किंवा नाही म्हणा. हो म्हटल्यास किल्ली जाईल.

"नुसतं जाईल नको, अशुभ वाटतं," वैजयंती म्हणाली. तिनं शेवटचं वाक्य काढून तिथं लिहिलं, हो म्हटल्यास गाडी मालकाकडे परत जाईल.

निरोप गेला. तिघंही पडद्याशी उभे होते. वैजयंतीचे ओठ हलत होते, नामस्मरणाची ती तिची सवयच होती.

हो.

किल्लीची ओळ पडद्यावरून पुसली गेली. विश्रामबागेत मूळकिल्ली जागी झाली. वैजयंतीनं आदेशाचा कागद घडी घालून साळोख्यांच्या हातात परत दिला, बिनसहीचा, आणि तिघंही आनंदाची बातमी घेऊन पाहुण्यांच्या खोलीत गेले.

"उठा पोतनीस," साळोखे दारातूनच म्हणाले. "गाडी मोकळी झाली तुमची. वापरणाऱ्यानं आपणहून किल्ली संपवली."

पोतनीस उठला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा नम्रपणा क्षणभर कुठंतरी गेला. "तिनं संपवली?" तो म्हणाला. "शक्यच नाही. ती तसं म्हणणारच नाही."

वैजयंती दारातच थांबली. सकाळपासून या इमारतीत प्रत्येकजण वापरणारा म्हणत होता, किल्लीधारक म्हणत होता. बाई की पुरुष, हे तीन गणनगृहांनाही माहीत नव्हतं.

"ती?" तिनं हळू आवाजात विचारलं.

तो सावरला. "किल्ली. किल्लीबद्दल बोलतोय मी. किल्ली ती."

"किल्ली काही म्हणत नाही, पोतनीस. म्हणतं ते माणूस. आणि 'तसं' म्हणजे कसं? वापरणारं माणूस काय म्हणतं आणि काय म्हणत नाही, हे आम्हाला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं, तेही भिंतीपलीकडे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो त्याच शांत आवाजात म्हणाला की कायद्यानं आपल्याला नाव मिळायला हवं, आदेश निघालेला आहे. साळोख्यांनी त्याला सांगितलं की आदेश निकडीवर निघाला होता आणि निकड गाडीबरोबर सुटली. त्यावर त्यानं वडिलांचं नाव काढलं नाही. गाडी न्यायलाही निघाला नाही. त्याला हवं होतं ते गाडीत नव्हतंच.

वैजयंतीला आता एकेक पायरी दिसत होती आणि ती त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत गेली. यानं गाडी सहगाडीत घातली ती घर सोडून गेलेल्या बायकोसाठीच असणार. ती याच शहरात कुठंतरी आहे आणि सहगाडी वापरते, एवढा याला सुगावा होता. कितीतरी लोक गाडी नेत होते, आणत होते, त्यातली ती कोणती हे याला कळायचा मार्ग नव्हता. पण ती किल्ली कधी 'बंद कर' म्हणणार नाही, 'वाढव' म्हणेल आणि अंगठी त्याचा अर्थ उलटा घेईल, हे याला ठाऊक होतं. याच्या घरात ती तशीच बोलत आली होती, आणि अंगठीचा घोळ यानं कधीतरी स्वतः सहगाडी वापरताना हेरला असावा. एके दिवशी किल्ली पहिल्यांदाच जिवंत राहिली आणि यानं ओळखलं. मग रोज सकाळी एक नम्र आठवण. प्रत्येक आठवणीला ती म्हणाली वाढव, प्रत्येक वेळी एक दिवस वाढला, आणि चौथ्या दिवशी कायदाच याच्या बाजूनं उभा राहिला.

"आम्ही नाव लपवलं, चेहरा लपवला, आवाज आणि वाटसुद्धा लपवली," ती म्हणाली. "बोलायची रीत लपवायची राहून गेली. ते आमचं चुकलं, आणि तुम्ही ते आमच्याआधी हेरलंत."

साळोखे एव्हाना कोपऱ्यात जाऊन हातातल्या संगणकपाटीवर काहीतरी बघत होते. मोहोर उघडायचा अर्ज करायचा तर अर्जदाराला स्वतःचं नाव, पत्ता आणि फोटो द्यावा लागे. त्रिस्थळी किल्लीच्या सगळ्या व्यवहारात उघडं होणारं नाव तेवढं एकच. ते त्यांनी न्यायालयांच्या मनाई आदेशांत शोधलं. परत आले तेव्हा त्यांचा मोठा आवाज खाली आला होता.

"पोतनीस, पत्नीचा शोध घ्यायचा नाही, ठावठिकाणा विचारायचा नाही, असा मनाई आदेश हाय तुमच्यावर. सकाळपासून आम्ही सगळे दुसऱ्याचंच नाव शोधत बसलो, तुमचं कुणी बघितलंच नाही." त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला आणि दाराशी खुर्ची ओढून स्वतःच बसले.

वैजयंती हैदरला घेऊन बाहेर आली. त्या बाईला सावध करायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. हैदरनं मान हलवली. निरोप किल्लीच्या वाटेनं जातो, आणि ती किल्ली त्यांनी स्वतःच संपवली होती. किल्लीबरोबर वाटही गेली. ती कोण, कुठं, हे आता कुणालाही, कधीही कळणार नव्हतं.

"एकीला सांगता येत नाही," वैजयंती म्हणाली, "तर सगळ्यांना सांगू या."

त्यात अवघड काहीच नव्हतं, सगळ्या अंगठ्यांना एकदम द्यायच्या सूचनेला किल्लीची वाट लागत नसे. शहरातल्या प्रत्येक अंगठीला निरोप गेला की 'वाढव' या शब्दाचा आजवर चुकीचा अर्थ घेतला जात होता, आणि गाळणी बदलल्यावर तो ऐकला की अंगठी उलट विचारून खात्री करील. आणि जी जी किल्ली त्या क्षणी जिवंत होती तिला तो साधा प्रश्नही गेला, तुमचं गाडीचं काम झालं आहे का? उत्तरं कुणाची, हे कळायची सोय नव्हती. तिन्ही गणनगृहं आपापल्या तुकड्यांची बेरीज तेवढी धाडणार होती. खरोखरच गाडीत बसलेले 'नाही' म्हणतील. 'हो' म्हणतील ते, ज्यांनी गाडी केव्हाच सोडली होती आणि ज्यांची किल्ली त्यांच्या नकळत मागं राहिली होती.

हैदरनं बेरजेची पाटी तिच्या हातात दिली. ती घेऊन वैजयंती पुन्हा आत गेली.

पोतनीस खिडकीबाहेर बघत होता. त्याला घाई नव्हती. "तुम्ही नाव दिलं नाहीत, ठीक आहे," तो म्हणाला. "पण ती इथं आहे हे मला कळलं. तीच होती. असं दुसरं कोण बोलतं? आठ वर्षं ऐकलंय मी."

चार दिवस अडलेली किल्ली त्याच्या बायकोची होती की आणखी कुणाची, हे वैजयंतीला स्वतःलाही ठाऊक नव्हतं; ठाऊक होऊ नये म्हणूनच तर तिनं उभी हयात या कुलपाला वाहिली होती. तिनं पाटी त्याच्यापुढं टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे वळवली. पडद्यावर नावं नव्हती. एका बाजूला 'नाही', दुसऱ्या बाजूला 'हो', आणि दोन्हींखाली आकडे. 'हो'खालचा आकडा बघता बघता शंभरीच्या पुढं गेला होता आणि हलतच होता. सांगलीच्या बाजारपेठेतून, मिरजेच्या दवाखान्यांतून, वानलेसवाडीच्या घराघरांतून, देवाला हात जोडून किंवा नुसत्या सवयीनं, ज्यांनी ज्यांनी आपल्या किल्लीला शुभ शब्दानं निरोप दिला होता, ते सगळे आता उत्तर देत होते.

"यांतली तुमची कोणती?" तिनं विचारलं.

तो पुढं वाकला. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. आकडा थांबायला तयार नव्हता.